नॅशनल फॉरेस्टमधला पहिला मुक्काम: मॅमथ लेक्सच्या परिसरात दोन रात्री

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये कॅम्पिंग म्हटलं की पहिलं नाव निघतं कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कचं. मग काही महिने आधी सकाळी सातच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसायचं आणि मिनिटभरात सगळ्या जागा गेलेल्या बघायच्या. योसेमिटी ओलांडून टायोगा पास या घाटाच्या पलीकडे उतरलं, की तीच सिएरा नेवाडा पर्वतरांग, तसेच ग्रॅनाइटचे कडे आणि तशीच तळी इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये आहेत. तिथे जागा मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. कुत्र्याला पट्टा लावून बहुतेक पायवाटांवर नेता येतं, आणि जंगलात शिरायला फाटक नाही की प्रवेशशुल्क नाही.

फरक खात्याचा आहे. नॅशनल पार्क इंटिरिअर खात्याच्या (आपल्याकडचं पोलिसांचं गृहखातं नव्हे) अखत्यारीत, मुख्यतः जतनासाठी. नॅशनल फॉरेस्ट शेतीखात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे, आणि तिथे चराई, लाकूड, पाणी, शिकार, स्कीइंग, कॅम्पिंग असे सगळे वापर चालतात. इन्योची स्थापना १९०७ची. लॉस एंजेलिसकडे पाणी नेणाऱ्या कालव्याची जमीन राखणं हा तिच्यामागचा मोठा हेतू होता. इथे मोकळीक जास्त आणि माणसं कमी. चुकलात तर सांगायला कोणी येईलच असं नाही, म्हणून पुढच्या गोष्टी घरूनच ठरवून निघा.

जागा कधी, कशी

इन्योमधल्या मॅमथ लेक्स गावाच्या वर लेक मेरी, ट्विन लेक्स आणि लेक जॉर्ज ही कॅम्पग्राउंड्स साधारण ८,६०० ते ९,००० फुटांवर आहेत. बर्फ वितळल्यावर, म्हणजे जूनच्या मध्यानंतर ती उघडतात आणि सप्टेंबरात बंद होऊ लागतात. टायोगा रस्ताही हिवाळाभर बंद असतो आणि बर्फ जास्त पडलं तर जून उजाडल्याशिवाय उघडत नाही. पहिल्या खेपेला जुलैचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात हा काळ धरा. जूनच्या अखेरीस तळ्याकाठी डास इतके असतात की मुलं तंबूबाहेर बसत नाहीत.

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर होतं. बहुतेक जागा सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सात वाजता खुल्या होतात. काही जागा ‘आधी येईल त्याला’ पद्धतीच्या असतात. तिथे शुक्रवारी संध्याकाळी पोचून उपयोग नाही. गुरुवारी सकाळी दहा-अकराला पोचा, कारण दुपारपर्यंत जुने लोक निघत असतात. मोकळी साइट दिसली की खांबावरची चिठ्ठी बघा. जुन्या माणसाची तारीख संपलेली असेल तर आधी गाडी लावा, मग कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी जाऊन तिथे ठेवलेलं फीचं पाकीट भरा, पैसे घालून लोखंडी पेटीत टाका आणि पाकिटाची फाडलेली पट्टी आपल्या खांबाला अडकवा. पट्टी अडकवायची राहिली तर जागा रिकामी समजून दुसरं कोणी तंबू ठोकतं. नोटा आणि पेन जवळ असू द्या, कारण तिथे सुटे मिळत नाहीत.

एका साइटवर बहुतेक ठिकाणी सहा माणसांची मर्यादा असते. आपल्याकडे चार घरं मिळून निघायची पद्धत, म्हणून हे आधी मोजा. सोळा-सतरा माणसं असतील तर ग्रुप साइट घ्या. मंडळाची सहल असेल आणि माणसं ७५ किंवा त्याहून जास्त, तर फी नसली तरी फॉरेस्ट सर्व्हिसची वेगळी परवानगी लागते.

आई-वडील ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असतील आणि वय ६२ पूर्ण असेल, तर सीनियर पासवर बऱ्याच कॅम्पग्राउंड्सचं भाडं निम्मं होतं. भेटीच्या व्हिसावर आलेल्यांना हा पास मिळत नाही.

पहिल्या दिवशी उंचीला मान द्या

समुद्रसपाटीवरून सकाळी निघून संध्याकाळी ९,००० फुटांवर झोपायचं, हे शरीराला जड जातं. डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं हे पहिल्या रात्री सर्रास होतं. त्या दिवशी चढाचा ट्रेक ठेवू नका, पाणी पीत राहा, दारू टाळा. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरा. बिशप गाव ४,००० फुटांच्या आसपास आहे आणि गाडीने तासाभरात गाठता येतं.

थंडीचा अंदाजही इथेच चुकतो. दुपारी टी-शर्टवर बसलेली माणसं पहाटे कुडकुडत गाडीत जाऊन हीटर लावतात. स्लीपिंग बॅगवर ‘२०’ लिहिलेलं असतं ते फॅरेनहाइटमध्ये, म्हणजे उणे सात सेल्सिअस, आणि बऱ्याच बॅगांवर तो आकडा जेमतेम निभावण्याचा असतो, सुखाने झोपण्याचा नव्हे. आपल्या अपेक्षित तापमानापेक्षा १० ते १५ फॅरेनहाइट कमी आकड्याची बॅग घ्या. आणि खरी थंडी खालून येते. पंपाने फुगवायच्या जाड गादीतली हवा रात्रभर जमिनीला ऊब देत बसते. चटई घेतलीत तर तिची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याचं माप) ४च्या आसपास हवी. फुगवायची गादीच न्यायची असेल तर तिच्यावर एक जाड गोधडी अंथरा. पांघरूण म्हणून नव्हे, अंगाखाली. मोठा फरक पडतो.

तंबू ठोकताना आधी वर बघा. वठलेलं झाड किंवा अडकलेली फांदी वर असेल तर ती जागा सोडा, कारण अशी झाडं वारा नसतानाही पडतात. तंबूखालचं प्लॅस्टिक तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. बाहेर राहिलं तर पाऊस त्यावर पडून थेट तंबूखाली साचतो.

स्वयंपाक आणि अस्वल, हे दोन्ही एकच प्रकरण

इथली अस्वलं काळ्या अस्वलाच्या जातीची, माणसावर सहसा न येणारी, पण नाकाने विलक्षण तल्लख. गाडीच्या दाराच्या वरच्या कडेत नखं घालून ते दार खाली वाकवतात. काच बंद असल्याने काही अडत नाही. एकदा माणसाचं अन्न मिळालं की ते पुन्हा पुन्हा येतं, आणि शेवटी त्या अस्वलाला मारावं लागतं. म्हणून प्रत्येक साइटवर पोलादी बेअर बॉक्स असतो.

त्यात काय जातं, याची यादी आपल्या घरापुरती वेगळी आहे. पोळ्या, भाज्या, कूलर हे कोणालाही सुचतं. सुटतात त्या वास येणाऱ्या बाकीच्या वस्तू: खोबरेल तेल, टूथपेस्ट, साबण, बाम, उदबत्तीचा पुडा, आईच्या पर्समधली सुपारी आणि बडीशेप, गोळ्या-औषधं, डासांचं मलम, मसाल्याचा डबा, लोणच्याची बरणी, रिकामा कुकर, तेलकट झारा. लहान मुलाची कारसीट तपासाच, कारण बिस्किटाचा चुरा तिच्या फटीत असतोच. न उघडलेले डबेही आत. बॉक्सच्या कडीवर एक झडप असते. तळवा वर करून बोटं तिच्या आत घालायची आणि आतला खटका दाबून दार ओढायचं. बंद करताना ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. जेवण चालू असतानाही बॉक्स उघडा ठेवून तळ्यावर जाऊ नका. अस्वल दिवसाही येतं. आरक्षणाच्या पानावर बॉक्सची मापं दिलेली असतील, तर मोठा कूलर त्यात मावतो का ते घरीच टेपने मोजा.

आता चूल. दोन बर्नरचा प्रोपेनचा स्टोव्ह घ्या. स्वस्त, एका बर्नरचा, आडव्या डब्याचा ब्यूटेन स्टोव्ह उन्हाळ्यात बागेत छान चालतो, पण ब्यूटेन शून्य डिग्रीच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. गारठलेल्या पहाटे चहा ठेवायला गेलात की डबा भरलेला आणि ज्योत मिणमिणती. प्रोपेनला उणे चाळीसपर्यंत ही अडचण नाही. एक पौंडाचा हिरवा सिलिंडर दोन्ही बर्नर पूर्ण आचेवर ठेवले तर तासभर पुरतो. चार माणसांच्या दोन दिवसांना तीन न्या. पाऊस आला तरी तंबूत स्टोव्ह पेटवू नका. आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइड घातक आहे, आणि त्याला वास नसतो.

९,००० फुटांवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटूनही दाणा बोटचेपा होत नाही. म्हणून कुकर न्याच, कितीही जड वाटला तरी. कुकरमध्येही आतलं तापमान घरच्यापेक्षा कमीच राहतं, तेव्हा २,००० फुटांच्या वर दर हजार फुटांमागे वेळ पाच टक्के वाढवा. इथे ती वाढ सुमारे ३५ टक्के होते. मूगडाळीच्या खिचडीला घरी तीन शिट्ट्या लागत असतील तर इथे चार, आणि मग वाफ आपोआप जिरू द्या. निघण्यापूर्वी रबर तपासा आणि एक जास्तीचं ठेवा. रुंद पातेलं किंवा मोठा तवा स्टोव्हच्या कडेबाहेर सिलिंडरकडे जाऊ देऊ नका, उष्णता परतून सिलिंडरचा नळ तापतो.

वाटण, कांदा-टोमॅटोचा मसाला आणि उकडलेले छोले घरीच करून पिशव्यांत सपाट गोठवा. ते कूलरमध्ये बर्फाचं काम करतात आणि जंगलात सालींचा कचरा होत नाही. भांडी नळाखाली धुवायची नाहीत. घमेल्यात धुवा, खरकटं गाळून कचऱ्यात टाका, पाणी कॅम्पग्राउंडने नेमून दिलेल्या जागी ओता.

शेकोटी

कोरड्या उन्हाळ्यात आगीचे निर्बंध दिवसादिवसाला बदलतात. निघायच्या सकाळी इन्योच्या पानावर बघा. पहिल्या टप्प्यात शेकोटी फक्त ठरलेल्या कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कड्यात चालते. दुसऱ्या टप्प्यात तिथेही बंद, कोळशासकट. गॅसचा, बंद करायची कळ असलेला स्टोव्ह सहसा चालतो. कॅम्पग्राउंडबाहेर राहणार असाल तर कॅलिफोर्नियाचा कॅम्पफायर परवाना स्टोव्हसाठीही लागतो. तो ऑनलाइन, फुकट मिळतो आणि वर्षअखेरपर्यंत चालतो.

लाकडं घरून आणू नका, मॅमथमध्येच विकत घ्या. ओंडक्यांतून झाडं मारणारे किडे शेकडो मैल प्रवास करतात.

विझवताना होणारी चूक आपल्याकडच्या कोणालाही पटकन कळेल. चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरांत रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवत, सकाळी फुंकर मारून पेटवायला. शेकोटीवर माती लोटली की नेमकं तेच होतं, निखारा जपला जातो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. चर्र आवाज थांबला की हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून एक बादली. निजायच्या अर्धा तास आधीच हे सुरू करा. भाजलेल्या कणसांची बुरकुंडं कड्यात टाकू नका, ती पूर्ण जळत नाहीत आणि वासावर अस्वल येतं.

पाणी आणि शौच

ओढ्याचं पाणी कितीही नितळ असलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. ०.२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणी वापरा, नाहीतर उकळा. ६,५०० फुटांच्या वर खळखळून तीन मिनिटं.

कॅम्पग्राउंडबाहेर शौचाला पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर पावलं दूर जा. सहा ते आठ इंच खोल खड्डा करा आणि नंतर मातीने बुजवा. आपली पाण्याची सवय इथे उपयोगी पडते, कागद पुरायची किंवा परत आणायची वेळ येत नाही. मात्र पाणी बाटलीने न्या, ओढ्यात उतरू नका. कॅम्पग्राउंडच्या खड्ड्याच्या संडासात फ्लश नसतो आणि नळही नसतो, तिथेही बाटली लागेलच. त्यात पॅड, डायपर, प्लॅस्टिक टाकू नका. उपसताना ते पंपात अडकतं आणि कोणाला तरी हाताने काढावं लागतं.

दिवसा कुठे

उंच कड्यांवर जायचं तर सकाळी सातला निघा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज कडाडते, तेव्हा बारापर्यंत उघड्या माथ्यावरून खाली या. दिवसभराच्या ट्रेकला बहुतेक ठिकाणी परवाना नाही, माउंट व्हिटनी मात्र अपवाद, त्याची सोडत फेब्रुवारीत अर्ज घेते. वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे गाडीरस्ते नसलेल्या राखीव रानात, रात्र काढायची तर बारा महिने परवाना लागतो.

हॉर्सशू लेकपाशी वठलेल्या झाडांचा मोठा पट्टा दिसेल. १९९०पासून जमिनीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने ती मेली. तिथे मुलांना खळग्यात बसू किंवा निजू देऊ नका, हा वायू जड असल्याने खाली साचतो. हॉट क्रीकचं पाणी वाफाळतं आणि सुंदर दिसतं, पण २००६पासून तिथे पोहायला बंदी आहे. तापमान अचानक उकळीपर्यंत चढतं.

निघण्याच्या दिवशी दव असेल तर तंबू ओलाच गुंडाळावा लागतो. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी तो गॅलरीत किंवा गराजमध्ये पसरा, शिवणींपर्यंत कोरडा होऊ द्या. दोन दिवस पिशवीत राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि आतला पाणी अडवणारा थर सोलपटायला लागतो.