उन्हाळ्यात मांजर खात-पीत नाही? या चुका टाळा

मे लागला की आपल्या नागपुरात मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घरातून एकच गोष्ट ऐकू येते, "ताई, मांजर काही खाऊनच नाही राहिली, दिवसभर नुसती फरशीवर लोळून असते." आता 45 डिग्री आपल्याकडे नवीन नाही, 23 मे 2013 ला तर पारा 47.9 वर गेला होता, अशा उन्हात माणसाची भूक मरते तर मांजराची का नाही मरणार. दुपारी थोडं कमी खाणं, जास्त झोपणं हे नॉर्मल आहे. पण खूप घरांमध्ये आपण प्रेमाने जे करतो त्यानेच त्रास वाढतो, म्हणून हे सविस्तर लिहून राहिले.

सगळ्यात मोठी चूक: पाण्याचा बाऊल भरला म्हणजे झालं

मांजराचे पूर्वज कोरड्या वाळवंटी भागातले, शिकारीच्या मांसातूनच त्यांना बरंचसं पाणी मिळायचं, त्यामुळे मांजराला तहान लागते ती उशिरा आणि कमी. कुत्रा उन्हातून आला की लपालपा पाणी पितो, मांजर तसं करत नाही. ढोबळमानाने दिवसाला किलोमागे 50 मिली पाणी धरा, म्हणजे 4 किलोच्या मांजराला जेवणातलं धरून 200 मिली. आता ड्राय फूडमध्ये पाणी असतं जेमतेम दहा टक्के, दिवसभरात 50-60 ग्रॅम खाल्लं तर त्यातून चहाचा एक चमचाभर पाणी गेलं, बाकी सगळं बाऊलमधून प्यावं लागणार आणि ते ती पीत नाही. तेच 85 ग्रॅमच्या वेट फूडच्या एका पाऊचमधून 65-70 मिली पाणी आपोआप पोटात जातं. म्हणून उन्हाळ्यात पाणी पाजायच्या मागे लागू नका, जेवणातून पोचवा.

पाऊच रोज परवडत नाही हे मला माहीत आहे, दोन-तीन मांजरं असली की महिन्याचं बिल कुठल्या कुठे जातं. मग बिनहाडाचं चिकन साध्या पाण्यात उकडा, मीठ नाही, हळद-मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबातच नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्या रश्शातला तुकडा धुऊन देतात लोक, तेही नको, कारण कांदा रश्श्यात उतरलेला असतो. उकडलेलं पाणी फेकू नका, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये जमवून ठेवा आणि एक-एक तुकडा कोमट करून ड्राय फूडवर ओता, वासानेच मांजर येतं. रोज फक्त चिकनवर मात्र ठेवू नका, त्यात सगळी पोषणं नसतात. पोळी-दुधावर तर नाहीच नाही. सुकट किंवा सुके झिंगे आवडीने खातात पण त्यात मीठ किती असतं ते आपल्याला माहीतच आहे.

बाऊल कुठे आणि कसला

प्लॅस्टिकचा खोलगट बाऊल, जेवणाला चिकटून आणि बाजूलाच लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शी-शूची वाळूची पेटी. हे बहुतेक फ्लॅटमध्ये दिसतं. पुष्कळ मांजरांना जेवणाजवळचं पाणी आवडत नाही आणि लिटरजवळचं तर कुणालाच नको. पाणी तीन-चार ठिकाणी ठेवा, जिथे ती दुपारी पडून असते तिथे एक हवाच. भांडं पसरट घ्या आणि काठोकाठ भरा, पर्शियन जातीच्या मांजरीचं तोंड चपटं असतं तिला खोल भांड्यात तोंड घालणं जड जातं. स्टील चालतं, पण बाल्कनीत ऊन आलं की तेच पाणी चटका बसेल इतकं तापतं. माझं मत विचाराल तर कुंभाराकडचं मातीचं पसरट भांडं घ्या, माठासारखंच पाणी झिरपून गार राहतं आणि महागही नाही. रोज घासा मात्र. आतून बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं तर ते पाणी मांजर पिणार नाही, नुसतं वरून भरून काही उपयोग नाही.

कूलरची टाकी

हे नागपुरात सांगायलाच पाहिजे. खूप मांजरं बाऊल सोडून कूलरच्या टाकीतलं किंवा खाली गळलेलं पाणी पितात, आणि घरचे म्हणतात बघा कशी हुशार आहे. ते पाणी आठ-आठ दिवस बदललेलं नसतं, त्यात वासाचं औषध, डासांसाठी रॉकेल, काहीही टाकलेलं असतं. दुसरं म्हणजे करंट. कूलरचा शॉक लागून आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं दगावतात, ओल्या फरशीवर उभं राहून पत्र्याला तोंड लावणाऱ्या मांजराचं काय होईल. अर्थिंग तपासून घ्या, टाकीचं झाकण नीट लावा, गळती दुरुस्त करा. मांजराला वाहतं, हलतं पाणी आवडत असेल तर छोटं फाउंटन आणा. कूलरपुढची फरशी फिनाइलने पुसत असाल तर तेही बंद करा, मांजर पंजे चाटतं आणि फिनाइल तिच्या लिव्हरला पचवता येत नाही.

दूध, ताक, ओआरएस, सिरिंज

गारवा म्हणून दूध देतात. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब लागतात आणि होतं ते पाणीही निघून जातं. मीठ-जिऱ्याचं ताक आपल्यासाठी. ओआरएस डॉक्टरने मात्रा सांगितल्याशिवाय नको. सिरिंजने जबरदस्ती पाणी तोंडात मारणं सगळ्यात धोक्याचं, ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. आणि अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळीसुद्धा देऊ नका, मांजर त्याने मरतं.

जेवणाची वेळ

दुपारी दोनला वाटी भरून ठेवायची आणि संध्याकाळी आंबलेली उचलायची, यात अन्नही जातं आणि मांजराचं त्या अन्नावरून मनही उडतं. पहाटे ऊन चढायच्या आत एकदा आणि रात्री घर थोडं निवल्यावर एकदा मुख्य जेवण द्या, मध्ये पाहिजे तर थोडंथोडं. ओलं जेवण अर्ध्या-पाऊण तासात उचला, भिजवलेलं ड्राय फूडही त्यातच आलं. फ्रिजमधून काढून थेट थंडगार दिलं तर वासच येत नाही आणि मांजर वासाशिवाय खात नाही, एक चमचा कोमट पाणी घालून कालवा. मुंग्या लागत असतील तर वाटी पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा, बाहेरच्या मांजरांसाठी पण हेच करा. आणि खात नाही म्हणून रोज नवीन ब्रँड आणू नका, त्याने पोट बिघडतं.

केस पूर्ण भादरून टाकणं हेही नको, रोज विंचरा तेवढं पुरे.

आता वाट कधी बघायची नाही

बाऊल किती रिकामा झाला यापेक्षा लिटर बघा, लघवीचे गोळे लहान आणि कमी व्हायला लागले की समजा पाणी कमी पडतंय. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट लावा, ओलसर आणि गुळगुळीत लागली पाहिजे, चिकट किंवा कोरडी लागली तर डिहायड्रेशन आहे. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडून बघतात ते ठीक आहे, पण म्हाताऱ्या आणि वाळलेल्या मांजराची कातडी तशीही हळूच जागेवर येते, म्हणून हिरडीवर जास्त भरवसा ठेवा.

24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर, पिल्लू असेल तर इतकंही थांबू नका. "भूक लागली की खाईल" हे मांजराला लागू पडत नाही, विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठून लिव्हरच बंद पडायला लागतं. बोका लिटरमध्ये वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, तर तो बद्धकोष्ठ समजून घरी बसू नका, लघवीचा मार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात.

आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तोल जात असेल तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत घ्या, साध्या नळाच्या पाण्याने पोट, पंजे, कान ओले करा आणि पंखा लावा. बर्फात ठेवू नका, ओल्या टॉवेलात गुंडाळूनही ठेवू नका, आतली उष्णता अडकते. जवळचा व्हेट बंद असेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्याच्या वेळा आणि नंबर नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागायच्या आधीच काढून फ्रिजवर चिकटवा. निघताना गाडीचा एसी आधी सुरू करा, ऑटोने जात असाल तर कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) उन्हाच्या बाजूला ठेवू नका, त्यावर जाड कापडही टाकू नका, आणि रस्त्यातूनच फोन करून सांगा म्हणजे पोचल्यावर नंबर लावून बसावं लागणार नाही.