किनाऱ्याची धूप मोजताय? या चुका टाळा

किनारा किती मागे सरकला याचा नकाशा हल्ली कुणीही बनवू शकतं. लँडसॅट आणि सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रं फुकट, नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट, किनारा सरकण्याचा दर काढणारं यूएसजीएसचं (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) डीएसएएस पण फुकट. याचा मला आनंदच आहे, जितकी जास्त माणसं किनारा मोजतील तितकं बरं. पण तपासायला जी कामं येतात त्यात त्याच त्याच चुका दिसतात, आणि त्यातल्या एक-दोन अशा आहेत की त्यांनी अख्ख्या गावाची झोप उडू शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चित्र घेतलं तेव्हा भरती होती की ओहोटी हे न बघता दोन वर्षांची तुलना करणं. एकदा एका किनाऱ्याचा अहवाल माझ्याकडे आला, बारा वर्षांत किनारा सरासरी 55 मीटर आत आला असं त्यात होतं, नकाशावर सगळीकडे लाल रंग. तो नकाशा किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या बैठकीत आधीच दाखवून झाला होता आणि लोक घर विकायच्या गोष्टी करत होते. मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडली आणि झूम केलं. वाळूच्या मागे सुरूच्या झाडांची रांग होती, मधे नाल्यापाशी एक खिंड, आणि रांगेची समुद्राकडची कड दोन्ही चित्रांत जिथल्या तिथे. बदललं होतं ते फक्त ओल्या वाळूच्या काळपट पट्ट्यात, जुन्या चित्रात तो चांगला रुंद होता आणि नव्यात जवळपास नव्हताच. मग भरतीचं कोष्टक काढलं. जुन्या चित्राच्या वेळी पाणी 0.6 मीटरवर, नव्याच्या वेळी 2.0 मीटरवर. पुळणीचा उतार साधारण 1:40. म्हणजे पाणी 1.4 मीटर चढलं की पाण्याची कड 1.4 गुणिले 40, 56 मीटर आत येणार, वाळूचा एक कणही न हलता.

आणि यातलं खरं वाईट पुढेच आहे. त्याच किनाऱ्याच्या एका टोकाला सुरूची झाडं खरोखर पडायला लागली होती, मुळं उघडी पडलेली चित्रात दिसत नाहीत पण रांगेची कड तिथे मागे गेलेली स्पष्ट दिसते. सगळाच नकाशा लाल असल्यामुळे त्या टोकाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

त्यामुळे माझी सवय अशी की रेषा काढायच्या आधी प्रत्येक चित्राची वेळ आणि त्या वेळची पाण्याची पातळी एका तक्त्यात लिहायची, तक्ता पूर्ण झाल्याशिवाय डिजिटायझिंग सुरूच करायचं नाही. चित्रासोबतच्या मेटाडेटातली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, ती स्थानिक वेळेत बदलून मगच कोष्टक बघा, हे विसरून भरतीच्या जागी ओहोटी लिहिलेले तक्ते मी कित्येक बघितलेत. आणि कोष्टकातली उंची चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांसाठी ठरवलेल्या ओहोटीच्या खालच्या पातळीपासून) असते, सरासरी समुद्रपातळीपासून नाही, दोन्ही एकत्र करू नका. शक्यतो पातळी सारखी असलेली चित्रंच घ्या, आणि नसतील तर जागेवर जाऊन उतार मोजा आणि रेषा एकाच पातळीवर आणा. कोस्टसॅटमध्ये (उपग्रह चित्रांतून किनारारेषा काढणारं सॉफ्टवेअर) भरतीची दुरुस्ती करता येते पण उतार तुम्हालाच द्यावा लागतो, आणि अंदाजे ठोकून दिलेला उतार म्हणजे पुन्हा तीच चूक.

कुणीतरी म्हणतंच, की भरपूर चित्रं घेतली की सरासरीत भरती-ओहोटी निघून जाईल. नाही जात. लँडसॅट आणि सेंटिनेल-2 दोन्ही सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारासच डोक्यावरून जातात. आणि दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती कायम साधारण ठराविक वेळेलाच लागते, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) तिच्यापेक्षा वेगळ्या पण तशाच ठराविक वेळेला. म्हणजे एखाद्या ठिकाणी उपग्रहाला उधाणाचं पाणी नेहमी उतरलेलंच दिसेल, दुसरीकडे नेहमी चढलेलं. शंभर चित्रं घेतली तरी हा कल जात नाही.

दुसरी गोष्ट, किनारारेषा म्हणजे नक्की कुठली रेषा? पाण्याची कड, ओल्या-सुक्या वाळूची सीमा, झाडीची कड, वाळूच्या टेकाडाचा पायथा, कड्याचा वरचा काठ, यातली एक निवडा आणि सगळ्या वर्षांना तीच लावा. जुन्या हवाई फोटोत झाडीची कड काढलेली, नव्या चित्रात एनडीडब्ल्यूआयने (प्रत्येक पिक्सेलमध्ये पाणी आहे का ते ओळखायचा निर्देशांक) पाण्याची कड काढलेली, आणि दोन्ही एका डीएसएएस प्रोजेक्टमध्ये, हे मी महिन्याआड बघतो. माझं मत विचाराल तर जिथे झाडी आहे तिथे झाडीची कडही वेगळी काढून ठेवाच, ती भरतीबरोबर हलत नाही. मात्र नवी लागवड झालेली असेल तर ती पण फसवते.

एनडीडब्ल्यूआयमध्ये पाणी आणि जमीन वेगळी करणारी सीमा शून्यावर ठेवून मोकळं होऊ नका. गढूळ पाणी, लाटांचा फेस, ओली वाळू यामुळे ती प्रत्येक चित्रात वेगळी पडते. प्रत्येक चित्रावर रेषा टाकून डोळ्यांनी बघा.

लँडसॅट 7 च्या 31 मे 2003 नंतरच्या चित्रांत पट्टे रिकामे आहेत, ते भरून काढलेले पिक्सेल किनारारेषेसाठी वापरू नका.

जुना छापील नकाशा स्कॅन केला तर त्याचा डेटम (अक्षांश-रेखांश कुठल्या आधाराने मोजलेत ते) आधी बघा, चुकीचा धरला तर अख्खा किनारा शेकडो मीटर सरकतो. आणि 1:50,000 नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ म्हणजे जमिनीवर 25 मीटर, हे लक्षात असू द्या.

ऋतू. वादळी हंगामात वाळू उथळ पाण्यात जाऊन दांडा करून बसते आणि शांत दिवसांत हळूहळू परत किनाऱ्यावर चढते. हंगाम संपतानाचं चित्र आणि शांत काळाच्या शेवटचं चित्र यांच्यातला फरक म्हणजे धूप नव्हे. दरवर्षी एकच महिना धरा.

यातूनच दोन चित्रांवर दर काढायची चूक येते. एंड पॉइंट रेट काढायला सोपा, फक्त पहिली आणि शेवटची रेषा लागते, म्हणून घाईतल्या माणसाला तो आवडतो. पण शेवटचं चित्र वादळानंतर लगेचचं असेल तर ते एक वादळ तुमच्या सगळ्या वर्षांवर पसरतं. मधल्या रेषा काढा, रिग्रेशन लावा (सगळ्या वर्षांना मिळून जुळणारी सरळ रेषा), आणि आलेख डोळ्यांनी बघा, कारण कधी कधी किनारा वर्षानुवर्षं स्थिर असतो आणि बंधारा किंवा जेट्टी बांधल्यावर एकदम मागे यायला लागतो, अशा ठिकाणी सरळ रेषेचा दर काहीच सांगत नाही.

आता जागेवरच्या मोजणीचं, कारण यातली एक चूक बघून मला खरंच वाईट वाटतं. बीच प्रोफाइल (किनाऱ्याचा उभा छेद) करायला महागडं काही लागत नाही, एमरी यांनी 1961 मध्ये मांडलेली खुणा केलेल्या दोन काठ्या आणि क्षितिजाची पद्धत आजही चालते. पण सुरुवातीचा बिंदू पक्का हवा. एका गटाने दर महिन्याला फार चिकाटीने प्रोफाइल घेतले, पावसापाण्यात पण चुकवले नाहीत, आणि सुरुवातीची खूण काय तर टेकाडाच्या पायथ्याशी ठोकलेली लाकडी खुंटी. पहिल्याच मोठ्या वादळात खुंटी गेली. पुढच्या वेळी ज्यांची पाळी होती त्यांनी अंदाजाने तिथेच कुठेतरी नवी ठोकली आणि वहीत काही लिहिलं नाही. नंतर आलेखात टेकाड एका महिन्यात अर्धा मीटर वाढलेलं दिसायला लागलं तेव्हा कुठे हे कळलं, आणि वादळाने नेमकी किती वाळू नेली हे, ज्याच्यासाठी एवढी मेहनत घेतली ते, कायमचं गेलं.

म्हणून खूण कधीही वाळूत नको. मागे पक्कं काँक्रीट, पुलाचा कठडा, खडक, असं जे पन्नास वर्षं हलणार नाही ते शोधा, आणि एक नाही तीन खुणा करा, त्यांची एकमेकांपासूनची अंतरं टेपने मोजून वहीत लिहा, म्हणजे एक गेली तरी बाकी दोन वरून तिची जागा परत काढता येते. प्रत्येक खुणेचे फोटो काढा, जवळून आणि लांबून, मागची इमारत दिसेल असे. हे करायला पहिला दिवस जातो आणि नवीन मुलांना तो वाया गेल्यासारखा वाटतो, त्यांना थेट पाण्याकडे पळायचं असतं. मी पहिल्या दिवशी पाण्याकडे जाऊच देत नाही.

मोबाईलच्या किंवा हातातल्या जीपीएसने रेषा चालून काढली तर तीन ते पाच मीटरची चूक सहज असते, वर्षाला मीटरभराचा बदल त्यात एकदोन वर्षांत सापडणार नाही. उंचीसाठी तर ते वापरूच नका.

ड्रोन उडवताना ग्राउंड कंट्रोल पॉइंट (जागा अचूक मोजलेल्या जमिनीवरच्या खुणा) सगळे मागच्या रस्त्याकडेला लावू नका, पाण्याच्या बाजूला पण हवेत, नाहीतर फोटोंतून बनणारं मॉडेल कडेला वाकतं.

ट्रान्सेक्ट (किनाऱ्याला आडव्या काढलेल्या मोजणीच्या रेषा) वळणावर एकमेकांना छेदत असतील तर त्या जिथून निघतात ती बेसलाइन गुळगुळीत करा. खाडीच्या मुखावरचे ट्रान्सेक्ट वगळा, तिथली वाळूची दांडी इकडून तिकडे फिरतच असते आणि तिचे आकडे सरासरी बिघडवतात.

आणि दर लिहिताना त्याची अनिश्चितता आधी काढा. समजा 1990 च्या रेषेत ±15 मीटर आणि 2020 च्या रेषेत ±10 मीटर चूक धरली, तर वर्गांची बेरीज 325, तिचं वर्गमूळ साधारण 18 मीटर, तीस वर्षांनी भागलं तर वर्षाला 0.6 मीटर. तुमचा दर 0.4 आला असेल तर त्या ट्रान्सेक्टला लाल रंग देऊ नका, राखाडी ठेवा आणि बाजूला लिहा की या माहितीवरून बदल ठरवता येत नाही. अहवाल मागणाऱ्याला राखाडी नकाशा आवडत नाही, रंगीत करून द्या म्हणतात, तरी देऊ नका. तिथे पुढच्या वर्षी काठ्या घेऊन जा.