वितरित डेटाबेस शिकायचाय? तीन नोड उभे करा आणि बंद पाडा

सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा वितरित डेटाबेस, म्हणजे अनेक मशीनवर (नोडवर) डेटा ठेवणारा डेटाबेस, साध्या डेटाबेससारखाच दिसतो. मशीनमधला संपर्क तुटला की तो काय करतो, हे शिकायचं असतं. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिमेकडच्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या सर्व्हरना मुख्य करून टाकलं. पूर्वेकडचे शेवटचे काही व्यवहार तिकडे पोचलेच नव्हते. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

१. क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या नोडचा गट) उभा करा. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. डॉकरमध्ये कॅसँड्रा या वितरित डेटाबेसचे तीन कंटेनर (एकाच लॅपटॉपवरचे, वेगळ्या मशीनसारखे वागणारे कप्पे) एकामागून एक सुरू करा. जावाच्या हीपला (कॅसँड्रा वापरतो त्या मेमरीला) मर्यादा घाला, नाहीतर तिघं मिळून रॅम खाऊन टाकतील. नोडटूल स्टेटस या कमांडमध्ये तिन्ही नोडपुढे 'यूएन' (नोड चालू आहे) दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. मग रेप्लिकेशन फॅक्टर ३ (प्रत्येक ओळीच्या तीन प्रती) ठेवून कीस्पेस (टेबलांचा संच) बनवा.

२. आधी प्रश्न लिहा, मग टेबल. 'या ग्राहकाच्या शेवटच्या २० ऑर्डर दाखव' हा प्रश्न असेल, तर ग्राहक क्रमांक ही पार्टिशन की (ओळी कोणत्या नोडवर जातील ते ठरवणारी) आणि तारीख ही क्लस्टरिंग की (त्या ओळींचा क्रम ठरवणारी). एसक्यूएलच्या सवयीने आधी टेबलं आखून नंतर जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणं) शोधत बसलात तर इथे अडकाल, कारण कॅसँड्रात जॉइनच नाही.

३. आता मोडा. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. नोडना अ, ब, क म्हणू. अ वरच्या सीक्यूएल शेलमध्ये (कॅसँड्राला आज्ञा द्यायची खिडकी) कन्सिस्टन्सी, म्हणजे किती प्रतींचा होकार हवा ते, 'क्वोरम' ठेवा, म्हणजे तीनपैकी दोघांचा होकार लागतो. क पॉज करा: नोंद होते. ब सुद्धा पॉज करा: नोंद नाकारली जाते. आता 'वन' (एकाचाच होकार) करून अ वर एक ओळ लिहा. मात्र त्याआधी अ च्या स्टेटसमध्ये बाकी दोघांपुढे 'डीएन' (नोड बंद आहे) आलंय ना, ते बघा. ओळ लिहिली जाते. लगेच अ पॉज करा, ब आणि क परत चालू करा, आणि ती ओळ ब वरून 'क्वोरम'ने वाचा. सापडत नाही! डेटाबेसने 'झालं' म्हटलेली नोंद बहुमताला माहीतच नाही. अ परत आला की राखून ठेवलेले हिंट (बंद नोडसाठी साठवलेल्या नोंदी) बाकीच्यांना पोचतात आणि थोड्या वेळाने ओळ दिसू लागते. हिंट मूळ सेटिंगनुसार तीनच तास साठवले जातात. नोड त्याहून जास्त वेळ बंद राहिला तर रिपेअर (नोडमधल्या प्रती जुळवून घेणं) चालवावाच लागतो.

वाचन आणि लेखन दोन्ही क्वोरमने केलं तर २ + २ हे ३ पेक्षा जास्त, त्यामुळे निदान एक नोड दोन्हीकडे सामाईक असतो. पैशांच्या नोंदींना निदान एवढं हवंच. लाइक मोजायला 'वन' चालतं.

नोड पॉज केल्यावर 'डीएन' येण्याआधीच्या काही सेकंदांत लिहिलंत तर टाइमआउट मिळू शकतो. टाइमआउट म्हणजे 'नोंद झाली नाही' असं नाही, झालेलीही असू शकते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला ॲपमध्येच वेगळा आयडी द्या, म्हणजे पुन्हा पाठवला तरी दोनदा नोंदला जाणार नाही.

४. एकमत समजून घ्या. इथवर आलात की राफ्ट, म्हणजे अनेक नोडनी एकाच निर्णयावर यायची पद्धत, वाचा. २०१४ साली ओंगारो आणि ऑस्टरहाउट यांनी तो समजायला सोपा जावा म्हणूनच मांडला. राफ्टवरच्या क्लस्टरमध्ये नोड विषम संख्येने ठेवतात, कारण तीनमध्ये एक गेला तरी चालतं, आणि चार केले तरी एकच गेलेला चालतो. पाचात दोन.

५. देखभाल. कॅसँड्रात डिलीट केलं की टूमस्टोन (पुसल्याची खूण) लिहिला जातो आणि मूळ सेटिंगनुसार तो १० दिवसांनी काढून टाकता येतो. बंद असलेला नोड त्यानंतर रिपेअरशिवाय परत आणला तर पुसलेला डेटा पुन्हा जिवंत होऊ शकतो. म्हणून रिपेअरचं वेळापत्रक १० दिवसांच्या आत बसवा. आणि तीन प्रती आहेत म्हणून बॅकअप टाळू नका: चुकीचा डिलीट तिन्ही प्रतींवर पोचतो. स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घ्या, दुसऱ्या रिकाम्या क्लस्टरवर रिस्टोअर करा आणि ओळी जुळतात का ते तपासा.