मार्सियानो मोठा की अली? जुन्या बॉक्सर्सची तुलना करायची कशी

आमच्या इंदूरात छप्पनला (छप्पन दुकान, आमची खाऊगल्ली) पोहे खाता खाता बॉक्सिंगचा विषय निघाला की कोणीतरी मोबाईल पुढे करतोच, "भिया, मार्सियानो 49 पैकी 49, बोल आता!" आता काय बोलणार, रेकॉर्डवरून तो हरला नाही एवढंच कळतं, कसा जिंकला ते नाही कळत ना.

आणि याने त्याला हरवलं म्हणजे हा मोठा, हा हिशोब तर आधी सोडाच. 1971 ला फ्रेझियरने अलीला हरवलं, 1973 ला फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन राउंडमधे सहा वेळा खाली पाडलं, म्हणजे फोरमनने अलीला चिरडायला पाहिजे होतं, पण 1974 ला किन्शासात आठव्या राउंडला फोरमनच आडवा झाला. कारण स्टाईल. फ्रेझियर वाकून, डोलत डोलत अंगावर यायचा, त्याच्यावर नेम धरणं अलीला जड जायचं, पण तसाच वाकून तो फोरमनसमोर गेला की फोरमनच्या अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाला, आयताच सापडायचा.

तर जुन्या लढतींचे व्हिडिओ बघायचे कसे. रात्री जेवणं आटपली की निवांत बसा आणि आधी आवाज बंद करा, कॉमेंटेटर ज्याचं कौतुक करतो तोच जिंकतोय असं वाटायला लागतं म्हणून. एकच राउंड दोनदा लावा, एकदा फक्त याला बघायचं, मग फक्त त्याला. हात नंतर, आधी पाय. अली ठोसा चुकवायला नुसती मान मागे घ्यायचा, कोच लोक पोरांना हे करू देत नाहीत, त्याला ते जमायचं ते पायांच्या जोरावर. जो लुई याच्या अगदी उलट, नाचणं नाही, छोटी पावलं टाकत सरकत यायचा आणि ठोसाही छोटा, पण समोरचा खलास.

मग जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारलेला हात परत कुठे येतो ते बघा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1936 ची लुई-श्मेलिंग लढत लावा, स्पीड अर्धा करा आणि नजर फक्त लुईच्या डाव्या ग्लव्हवर ठेवा. जॅब मारून हात हनुवटीशी परत यायला पाहिजे, तो खाली येतो आणि तेवढ्या फटीतून वरून श्मेलिंगचा उजवा बसतो. श्मेलिंगने हे आधीच हेरून ठेवलं होतं, बाराव्या राउंडला लुई नॉकआउट. 1938 ला त्याच लुईने त्याला पहिल्याच राउंडमधे संपवलं, म्हणून एका लढतीवरून माणूस ठरवायचा नाही.

नियम पण बघावे लागतात. 1952 ला मार्सियानो वॉलकॉटशी बारा राउंडनंतर तिन्ही जजेसच्या कार्डावर गुणांनी मागे होता, तेराव्याला एक उजवा मारला आणि चॅम्पियन झाला. तेव्हा 15 राउंड असायचे. आजच्या 12 राउंडच्या नियमात तो ही लढत हरला असता आणि ते 49 पैकी 49 राहिलंच नसतं! वजनाचंही तेच, त्या रात्री तो साधारण 84 किलोचा होता, आज हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरचा वजनगट, सुरू होतो 90 च्या वर, तेव्हा त्याला आजच्या धिप्पाड गड्यांसमोर उभं करून नावं ठेवणं मला तरी पटत नाही.

आणि कोणत्या सालचा बॉक्सर तेही ठरवून घ्या. 1967 ते 70 अलीला बॉक्सिंग करू दिलं नाही, परत आला तेव्हा पाय आधीचे नव्हते, 1966 ची क्लीव्हलँड विल्यम्सची लढत बघा म्हणजे फरक दिसेल.

मला विचाराल तर सगळ्यांच्या वर शुगर रे रॉबिन्सन. सुरुवात त्याच्यापासूनच करा, 1957 च्या फुलमरशी झालेल्या दोन लढती पाठोपाठ लावा, जानेवारीची आधी, त्यात तो हरलाय. मग मे महिन्यातली, पाचवा राउंड, मागे सरकता सरकता मारलेला डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), आणि तिथे पॉज करून त्याचे पाय कुठे आहेत ते नीट बघा.