डिसेंबरात नागपूरहून अंदमानला जाताय? स्वेटर एकच, बनियन डबल

आपण नागपूरकर एका गोष्टीत हमखास फसतो राजेहो. मे महिन्यात ४५-४६ डिग्री झेलतो ना, म्हणून वाटतं अंदमानचं ३० डिग्री म्हणजे आपल्यासाठी काय, काहीच नाही. मीपण हेच म्हणत गेलो होतो आणि पोर्ट ब्लेअरला (आता नाव श्री विजयपुरम झालंय) एअरपोर्टबाहेर येऊन टॅक्सीत बसेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. आपलं ऊन कोरडं, घाम आला की उडून जातो अन् अंग थंड होतं, आपला कूलरपण त्याच हिशोबानं चालतो. तिकडे हवेतच इतका ओलावा की घाम उडायचं नावच घेत नाही. म्हणून फोनवर टेम्परेचर बघता तसा त्याच्या खालचा ह्युमिडिटीचा आकडाही बघा, बॅग भरायला तोच कामाचा.

कपडे. जीन्स घरी ठेवा, एकदा भिजली की दोन दोन दिवस वाळत नाही. जाड सुती टीशर्टचंही तेच, घाम पिऊन ओलेच राहतात, त्यापेक्षा पातळ सुती शर्ट किंवा ते जिमवाले ड्राय-फिट बरे. बनियन-चड्ड्या मात्र दिवसाला दोन धरून घ्या, लाजू नका. चामड्याची चप्पल नको, रबरी किंवा फ्लोटर्स. आणि ओले कपडे टाकायला दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या, नाहीतर सगळ्या बॅगेला कुबट वास मारतो.

स्वेटर-जॅकेट एकच, तेही अंगावर. पहाटेच्या फ्लाइटसाठी सोनेगाव एअरपोर्टला निघता तेव्हा आपल्याकडे १०-१२ डिग्री असतं (२०१८ च्या डिसेंबरात तर ३.५ वर गेलं होतं), म्हणून ते लागतंच. तिकडे गेल्यावर एसी फेरीबोटीत कामात येतं, बाकी वेळ खुंटीला.

आता तेलाची गोष्ट, हे कोणी सांगत नाही. थंडीत आपल्याकडे खोबरेल तेल डब्यात गोठून दगड झालेलं असतं, म्हणून आईनं झाकण नीट न लावताच कपड्यात खुपसलं अन् मीपण बघितलं नाही. तिकडे पोचता पोचता ते पातळ झालं आणि बाबांच्या तीन शर्टांना सुगंधी करून गेलं. झाकणाखाली प्लास्टिक लावा, वरून रबर, मग पिशवीत.

पावसाचं. आपल्याकडे डिसेंबरात पाऊस म्हणजे अवकाळी, अंदमानात ईशान्य मान्सूनचा पाऊस डिसेंबरपर्यंत येऊ शकतो, जानेवारीनंतर बराच उघडतो. पातळ रेनकोट घ्या, छत्री समुद्राच्या वाऱ्यात उलटी होते. बंगालच्या उपसागरात काही बिघडलं की हॅवलॉक, नील बेटांच्या बोटफेऱ्या रद्द होतात, तेव्हा परतीच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम ठेवा, हे पॅकिंगपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. फेरीत मळमळ होते, उलटीची गोळी डॉक्टरला विचारून घ्या आणि बोट सुटायच्या अर्धा तास आधी खा, हलायला लागल्यावर खाऊन उपयोग नाही.

तिकडे अंधार लवकर पडतो. घड्याळ आपलंच पण जागा इतकी पूर्वेला की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य गायब, आणि सकाळी साडेपाचला उजाडतं. दहाला नाश्ता करून अकराला निघायची आपली सवय असेल तर अर्धा दिवस गेला समजा. दुपारचं ऊन नागपूरच्या हिवाळ्यापेक्षा जास्त डोक्यावर असतं, सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं घ्या अन् पाण्यातून निघालं की परत लावा. गाडीवर तोंडाला बांधतो तो दुपट्टा बीचवरपण भारी काम देतो. संध्याकाळी वाळूत बारक्या माश्या चावतात, खाज दिवसेंदिवस जात नाही, पाय झाकेल अशी पातळ पँट एक असू द्या.

पॉवर बँक हँडबॅगमध्येच, चेक-इनमध्ये चालत नाही. एसी रूममधून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर धुकं बसतं, पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या. शंख-कोरल वाळूत सापडले तरी उचलू नका, एअरपोर्टवर काढून घेतात अन् कायद्याची भानगड वेगळी.

परत येताना जॅकेट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. आमची फ्लाइट रात्री साडेअकराला सोनेगावला उतरली, अन् माझं जॅकेट होतं सगळ्यात खाली, ओल्या जीन्सच्या बुडाशी.