म्युझिक मॅगझिन काढताय? आधी पोरांचा फोन बघा

टीनएजर्ससाठी म्युझिक मॅगझिन डिझाइन करायचं असेल तर "तुला कुठलं म्युझिक आवडतं?" असं थेट विचारू नका, पोरं चारचौघांत भारी वाटेल तेच सांगतात, त्यापेक्षा म्हणा की यूट्यूब नाहीतर स्पॉटिफायची हिस्ट्री उघड आणि शेवटची दहा गाणी वाचून दाखव, मग रॅप ऐकतो म्हणणाऱ्याच्या लिस्टमध्ये के-पॉप आणि गणपतीची डीजे गाणी पण निघतात 😄 आणि हे एकेकट्याला विचारा, ग्रुपमध्ये एक बोलला की बाकीचे नुसते "सेम" म्हणतात. अठराच्या खालची असतील तर आईबाबांना किंवा शाळेला आधी विचारून घ्या.

गूगल फॉर्म फक्त स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला तर सगळी उत्तरं आपल्यासारखीच येणार, ज्युनियर कॉलेज, क्लासेस, मराठी मीडियम, इंग्लिश मीडियम सगळीकडे फिरवा, १३-१५ आणि १६-१८ वेगळे मोजा.

कव्हरचं मात्र विचारूच नका, दाखवा. तीन कच्ची कव्हरं प्रिंट काढून टेबलावर ठेवायची आणि हात आधी कुठे जातो ते बघायचं. किंमतीला "किती देशील?" पेक्षा "मागच्या महिन्यात स्वतःच्या पैशाने काय घेतलंस?" हा प्रश्न जास्त कामाचा. ब्रिटनमधलं स्मॅश हिट्स हे म्युझिक मॅगझिन १९७८ पासून गाण्यांचे शब्द छापून खपायचं, आता ते फोनवर फुकट मिळतात, तेव्हा पोस्टर हवं की मुलाखत हेही विचारून ठेवा.