स्ट्रिपवरची दोन अक्षरं

इंटर्नशिपच्या दुसऱ्या महिन्यात बेळगावच्या कॅज्युअल्टीत खानापूरकडचे एक मामा आले. सौंदत्तीच्या यात्रेला जाताना गोळ्या घरी राहिल्या, परतल्यावर सकाळी आठला आठवड्याच्या सातही एकदम घेतल्या. "ऱ्हायलेल्या भरून काढल्या की!" सून घाबरलेली, मामा चहा मागत होते. बीपी 130/80, नाडी 76. मी केसपेपरवर 'स्टेबल' लिहून मोकळा. दुपारी घरी सोडणार होतो.

सिस्टरनी सुनेच्या पिशवीतली स्ट्रिप समोर धरली. डिल्टियाझेम 90, म्हणजे बीपी आणि नाडी उतरवणारी गोळी, आणि शेजारी बारीक अक्षरांत 'एसआर', म्हणजे सस्टेन्ड रिलीज. ही गोळी औषध हळूहळू सोडते, म्हणून आल्याआल्याचा बीपी काहीच सांगत नाही. मामा थांबले. चार वाजता नाडी 42, बीपी 80/50, तरी गप्पा चालूच! या औषधांत शुद्ध बराच वेळ टिकते, तिच्यावर विसंबू नका. शुगर 260, मधुमेह कधीच नव्हता. हे औषध स्वादुपिंडातलं इन्सुलिनही अडवतं, त्यामुळे चढलेली शुगर हा इशारा समजा.

सलाईन, कॅल्शियम ग्लुकोनेट, बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन, शेवटी हृदयाला बळ म्हणून जास्त डोसचं इन्सुलिन आणि सोबत डेक्स्ट्रोज. पोटॅशियम सारखं बघत रात्र गेली. मामा तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले. मी केसपेपरवरचा तो शब्द अजून विसरलेलो नाही.

तुम्ही नवीन असाल तर 'किती गोळ्या' याआधी 'कुठली' विचारा. इकडे अर्धे पेशंट कानडी बोलणारे. 'गुळगी' म्हटलं की सगळ्यांनाच कळतं, पण नाव कुणालाच आठवत नाही, म्हणून स्ट्रिपच मागवा. एसआर, एक्सएल, सीआर, ईआर, रिटार्ड, काहीही दिसलं तर गोळी हळूहळू सुटणारी समजा आणि वेळ ती घेतल्यापासून मोजा. अशा बीपीच्या गोळीला 24 तास मॉनिटर, ईसीजी परतपरत. चारकोल, म्हणजे पोटातलं औषध धरून ठेवणारा कोळसा, लवकर द्या, पण एसआर गोळी लिथियमची (मानसिक आजारावरची) असेल तर ते त्याला चिकटत नाही. आतडी धुण्याचं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण) बीपी कोसळायच्या आत द्या, आतडी हलत असतील तरच. आणि ही गोळी कुटून नळीतून कधी देऊ नका, दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

तालुक्याच्या दवाखान्यात असाल तर नाडी उतरायची वाट न बघता पुढे पाठवा. निपाणीहून कोल्हापूर की बेळगाव हा वाद अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालू नका. चिठ्ठीवर गोळी घेतल्याची वेळ लिहा, आणि रिकामी स्ट्रिप तिलाच चिकटपट्टीनं लावून द्या.